दगड निजवू नका

माळशेजच्या हमरस्त्यावर वैशाखऱ्याजवळ एसटी तुम्हाला उतरवते, तेव्हा नुकतं उजाडतंय. पाऊस सरून आठवडा झाला असेल. गवत अजून हिरवं आहे, ओढा बोलतोय, आणि वर आभाळात नानाच्या अंगठ्याचा कडा उभा आहे. तुमच्या एका हातात घमेलं आहे आणि खांद्यावर पहार. याआधी पाच-सहा वेळा तुम्ही नाणेघाट चढलात, पण दर वेळी नजर वर लागलेली असायची. आज ती पायाखाली आहे, कारण आज तुम्ही श्रमदानाला आला आहात.

झाडी संपून चढ लागतो तिथे पावसानं तीन पायऱ्या ओढून नेल्यात. उरलाय तो मुरूम आणि मधोमध पाण्यानं पाडलेली घळ. ती टाळायला लोक कडेनं चालले, कडेचं गवत तुडवलं गेलं, माती मोकळी झाली आणि पुढच्या सरीनं तीही नेली. सह्याद्रीत वाट मोडते ती अशी. पावलांनी सुरुवात होते, उरलेलं काम चार महिन्यांचा पाऊस करतो.

घाटघरचे एक बाबा पहाटेच खाली उतरून तुमची वाट पाहत बसलेत. तुम्ही एक चपटा, देखणा दगड उचलून आडवा ठेवता. ते मान हलवतात.

"दादा, दगड निजवू नका. रोवा."

मग दाखवतात. दगडाची लांब बाजू डोंगराच्या पोटात गेली पाहिजे, बाहेर दिसायला फक्त तोंड. खालचा खड्डा पक्क्या जमिनीपर्यंत खणायचा. फटींत माती भरायची नाही, ती वाहून जाते. कपच्या ठोकायच्या, घट्ट, पहारीच्या बोथट टोकानं. आणि पायरीच्या वरच्या अंगाला एक आडवा चर काढायचा, पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरेल असा. हा चर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पायऱ्या टिकतात त्याच्याच जिवावर. पहिल्या पायरीला तुम्हाला दीड तास लागतो. दुसरीला तास. तिसरी संध्याकाळवर सोडून तुम्ही वर निघता, कारण माथ्याजवळही काम आहे.

पुढच्या वळणावर कारवी दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकते. तुम्ही ती हातानं सारता आणि पलीकडे निघता ते १८६३ सालात. बोरघाटातून आगगाडी नुकतीच धावू लागली आहे. इथली वर्दळ ओसरू लागली आहे. फरसबंदीच्या सांध्यांतून गवत वर आलंय, आणि निखळलेला दगड पुन्हा बसवायची कुणाला निकड नाही. तुम्ही वाकून एक धोंडा सरळ करता आणि चढत राहता.

आणखी वर १८२८ चा उन्हाळा तापलाय. लमाणांचे बैल घंटा वाजवत उतरताहेत, त्यांना वाट द्यायला तुम्ही कड्याला पाठ लावता. वर घाटातल्या लेण्यात विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी भिंतीवरच्या अक्षरांपुढे उभा आहे. त्याला ती वाचता येत नाहीत. जेम्स प्रिन्सेप, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांचे ती उलगडण्याचे कष्ट अजून व्हायचे आहेत. बैलवाले त्या अक्षरांकडे बघतही नाहीत. त्यांना टाक्यातलं पाणी हवंय.

पाण्याच्या ओढीनं तुम्हीही वर जाता. पायऱ्यांच्या कडा आता धारदार लागतात, झिजलेल्या नाहीत. छिन्नीचा आवाज येतो. दोन हजार वर्षं मागे आलात.

लेण्याच्या मागच्या भिंतीत सातवाहन राजघराण्याचे पुतळे अखंड उभे आहेत. तुमच्या काळात तिथे पावलं आणि डोक्यावरची नावं तेवढी उरणार आहेत. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. अश्वमेध, राजसूय, आणि दक्षिणेचे आकडे: गाई, घोडे, हत्ती, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. भारतातल्या अंकांचा इतिहास सांगताना या भिंतीकडे बोट दाखवावं लागतं. वाचताना छाती भरून येते.

पण तुमचं मन रमतं ते बाहेर, टाक्यापाशी. तिथल्या एका लहानशा लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासानं पोढी दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. हा शब्द डोंगर भटकणारी माणसं आजही बोलतात. गोविंददास राजा नव्हे. समुद्राकाठच्या बंदरातला माणूस, आणि त्याचं दान इथे, घाटाच्या माथ्याशी, ओझं घेऊन चढणाऱ्या अनोळखी माणसाच्या घशासाठी. मला विचाराल तर या डोंगरातला सर्वांत मोठा लेख तोच.

टाक्याच्या काठावर एक पाथरवट बसलाय. तो तुमच्याकडे बघतो, तुमच्या तळहातावरचा ताजा फोड बघतो, आणि ओंजळीत पाणी ओततो. त्याची प्राकृत तुम्हाला कळत नाही. पाणी गार आहे. लेखात त्याचं नाव येणार नाही.

ओंजळ रिकामी होते आणि तुमच्या हातात घमेलं येतं. पुन्हा आजचा दिवस, आणि समोरच्या टाक्यात गाळ साचलाय. परवानगीचं पत्र आधीच आलंय, काय उपसायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे सकाळीच समजावून झालंय. लेखाच्या अक्षरांत खडू भरायचा नाही, भिंत घासायची नाही, मूर्तीला हळदकुंकू नाही. माणसांची साखळी उभी राहते. काळा, थंड, कुजक्या पानांचा गाळ हातोहात बाहेर येतो, त्यात चपलेचा एक बंद, फुटकी बाटली, मग नुसता चिखल, आणि शेवटी फावडं कातळावर खणकन वाजतं. तो आवाज ऐकून सगळे थांबतात.

अरुंद नळीतून वर निघालात की एक दगडी रांजण लागतो. जकात गोळा करायचा रांजण, अशीच त्याची ओळख. तुम्ही आत वाकून वेफरची पाकिटं वेचता आणि पोत्यात कोंबता. मला इथे दर वेळी राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. पलीकडे जीवधन किल्ला आणि वानरलिंगीचा सुळका उन्हात स्वच्छ दिसतात.

उतरताना पोतं पाठीला लागतं, गुडघे दुखतात. तिसऱ्या पायरीपाशी उजेड कमी झालाय. खड्डा तुम्ही खणता, दगड तुम्हीच निवडता. लांबट, कुरूप, शेपटासारखा. तो उभा धरून डोंगराच्या पोटात सरकवता, कपच्या ठोकता, वरच्या अंगाला चर ओढता. बाबा काही सांगत नाहीत. नुसते त्या दगडावर चढतात आणि टाच आपटतात. एकदा. दुसऱ्यांदा, जोरात.

दगड हलत नाही.

"वरच्या वळणाला अजून दोन गेलेत," ते म्हणतात. "पुढच्या रविवारी?"