अडुसष्ट अक्षरांची आज्ञावली

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे ओठ दुखावलेले असतात, म्हणून तो आपली सारी हकिगत एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता सांगतो. अशा स्वीकृत बंधनाला आपण काव्यचातुर्य म्हणतो. संगणकाच्या आज्ञावलीनेही असेच एक बंधन पाळले; त्यामागे मात्र निकड होती. तिचा हा वृत्तान्त आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकीय विषाणूंचा उपद्रव वाढला आणि त्यांना हुडकणाऱ्या आज्ञावल्या घरोघरी व कचेऱ्यांत आल्या. पण हा पहारेकरी जागा आहे की नाही, हे पाहावे कसे? त्यासाठी खरा विषाणू सोडणे म्हणजे घरात चोर बोलावणे. यावर उपाय म्हणून १९९१ साली स्थापन झालेल्या ‘आयकार’ या युरोपीय संस्थेने पुढे एक निरुपद्रवी चाचणी-फाइल प्रसृत केली. ती चालवली की पडद्यावर एक ओळ उमटते, एवढेच.

ती अवघ्या ६८ अक्षरांची आहे. त्यांत रोमन मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांखेरीज काहीही नाही. रिकामी जागासुद्धा नाही. कोणालाही ती कागदावरून पाहून टंकित करता यावी, हा त्यामागील हेतू. तिसरे चिन्ह ‘ओ’ हे अक्षर आहे, शून्य नव्हे, असेही मुद्दाम बजावलेले असते.

अडचण अशी, की डॉस प्रणालीकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञेचा पहिला अंक २०५. आणि कळफलकावरील या चिन्हांचे अंक १२६च्या पुढे जात नाहीत. मग कर्त्यांनी युक्ती योजली. यंत्राच्या लेखी ‘पी’ हे अक्षर म्हणजे ‘संख्या राशीवर ठेव’ आणि ‘एक्स’ म्हणजे ‘राशीवरून उचल’. अशा मोजक्या आज्ञांनी प्रथम २४२७ ही संख्या सिद्ध होते. फाइलच्या अखेरीस ‘एच’, अधिक, ‘एच’, तारका अशी चार चिन्हे आहेत. त्यांतील पहिली जोडी यंत्राला ११०८० अशी दिसते. तीमधून २४२७ वजा जाता ८६५३ उरतात, आणि तीच ओळ छापण्याची आज्ञा होय! दुसऱ्या जोडीतून त्याच रीतीने काम थांबविण्याची आज्ञा निघते. जे लिहिता येत नव्हते, ते आज्ञावलीने चालता चालता स्वतःच लिहिले.

हीच विद्या दुष्टांच्याही हाती पडू शकते. इंग्रजी गद्यासारखा दिसणारा मजकूरही हल्ल्याची आज्ञावली असू शकतो, हे २००९ साली संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून या लहानशा फाइलचे मोल आम्हांस अधिक वाटते. आजच्या ६४-बिट विंडोजवर ती चालत नाही. तरीही ती दिसताच विषाणूरोधक आज्ञावल्या इशारा देतात आणि पहारेकरी जागा असल्याची खात्री पटते, कोणाचेही नुकसान न होता.