सीप्झच्या कुंपणातले तीर्थ

अंधेरी पूर्वेच्या सीप्झ वसाहतीत रोज हजारो कामगार ये-जा करतात. संगणक आणि हिऱ्यांच्या या निर्यात क्षेत्रात छप्पर हरवलेले एक चर्च उभे आहे, हे मात्र मुंबईकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे हे चर्च पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ मध्ये बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव उठले, ग्रामस्थ मरोळला गेले आणि जाताना मूर्ती, वेद्या व बाप्तिस्म्याचे कुंडही घेऊन गेले. मरोळचे संत योहान इव्हँजेलिस्ट चर्च हा त्याच धर्मग्रामाचा पुढचा अध्याय होय.

१९७० च्या दशकात सीप्झ उभे राहिले आणि भग्नावशेष कुंपणाच्या आत गेले. परवानगीशिवाय तेथे प्रवेश नाही. वर्षातून एकदा मिस्सासाठी भाविकांना आत सोडले जाते. साष्टीतील मूळच्या ईस्ट इंडियन कुटुंबांसाठी तो दिवस यात्रेचा असतो. ज्या जागी पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला, तेथे उघड्या आकाशाखाली प्रार्थना करण्याची ती एकमेव संधी. इतर दिवशी भिंतींवर झाडांची मुळेच काय ती चढत असतात.

उपनगरांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास साधारणपणे पोर्तुगीजांपासून मोजला जातो. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी त्यांच्याकडे आली, हे खरे. पण ख्रिस्ती माणसे येथे त्याआधीही होती. सहाव्या शतकातील प्रवासी कॉसमस याने 'कल्लियाना' येथे बिशप असल्याचे लिहिले असून अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे कल्याण मानतात. ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारकांना ठार मारण्यात आले. त्यांच्या अस्थी पुढे चीनला नेणाऱ्या ओडोरिकने ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे नोंदवले आहे. त्या काळची वास्तू मात्र आज दाखवता येत नाही. म्हणून यात्रेकरूला सोळाव्या शतकाच्या दगडांवरच समाधान मानावे लागते.

त्यातले सर्वांत अवघड ठिकाण बोरिवली पश्चिमेला, आयसी कॉलनीजवळ आहे. मंडपेश्वरची लेणी मुळात शिवाची. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कन धर्मगुरू अँटोनियो दो पोर्तो याने तिचे चर्च केले आणि वरच्या बाजूस मठ व विद्यालय उभे राहिले. १७३७ ते १७३९ दरम्यान मराठ्यांनी साष्टी जिंकल्यावर पारडे फिरले. आज आत शिवलिंगाची पूजा होते, नटराजाचे शिल्प आहे, एका भिंतीवर कोरलेला क्रूसही आहे आणि माथ्यावर मठाच्या पडक्या भिंती. येथे येणाऱ्या ख्रिस्ती भाविकाला आपल्या वारशाबरोबरच तो कोणाच्या देवळात उभा राहिला, याचाही विचार करावा लागतो. ते अस्वस्थ करणारे असले तरी टाळण्यासारखे नाही.

मंडपेश्वर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून बोरिवली स्थानकातून रिक्षाने सहज जाता येते. सीप्झमधील वार्षिक मिस्साची तारीख मरोळच्या चर्चमध्ये आधी विचारून घ्यावी आणि ओळखपत्र सोबत ठेवावे. सवड असल्यास वांद्र्याच्या संत आंद्रे चर्चच्या आवारातील अखंड दगडी क्रूस पाहून यात्रा पुरी करता येते.