झाडपाल्याची पचनीयता, शेळ्यांतील (वाशिम जिल्हा)

खाल्लेल्या पाल्यातील शुष्क पदार्थापैकी लेंड्यांवाटे बाहेर न पडणाऱ्या भागाचे शेकडा प्रमाण म्हणजे पचनीयता. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीची माहिती अकोल्याच्या नावाखाली शोधावी लागते. येथील बेरारी व गावठी शेळ्या बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब, अंजन यांचा पाला खातात. जंगलात साग पुष्कळ, पण त्याच्या खरखरीत पानाला शेळी सहसा तोंड लावत नाही.

मापन : वाळवून दळलेला पाला नायलॉनच्या बारीक जाळीदार पिशवीत भरून तो शस्त्रक्रियेने ठेवलेल्या छिद्रातून जनावराच्या कोठीपोटात (जठराच्या पहिल्या कप्प्यात) सोडतात. बहुधा 48 तासांनी पिशवी काढून धुतात, वाळवतात व वजनातील घट मोजतात. नुसते धुऊन गेलेलेही यात ‘पचलेले’ धरले जाते, म्हणून हा आकडा जपून वापरावा. खाद्य व लेंड्या तोलून केलेली चाचणी अधिक भरवशाची, पण खर्चिक.

टॅनिन (पाल्यातील तुरट द्रव्य) : खरी मेख येथे आहे. बाभळीच्या पाल्यात प्रथिने साधारण 12 ते 15 टक्के असली, तरी तेवढी शेळीला मिळत नाहीत. कोठीपोटाच्या जवळजवळ उदासीन सामूत टॅनिन प्रथिनांना धरून ठेवते. चौथ्या, आम्लधर्मी कप्प्यात ही पकड सुटते. त्यामुळे थोडे टॅनिन फायद्याचे ठरते, कारण प्रथिने कोठीपोटातील जंतूंच्या तावडीतून वाचून पुढे पोहोचतात. साधारण 5 टक्क्यांपुढे मात्र खाणेही घटते व पचनही. शेळीची लाळ यावर कितपत उतारा ठरते, याविषयी एकमत नाही. पाला वाळवून दिल्यास त्रास कमी होतो.

सुबाभूळ : मूळची मेक्सिकोकडची, तरी बांधोबांधी रुजलेली. प्रथिने भरपूर, पण पाल्यातील मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात, गलगंड होतो. इंडोनेशियातील शेळीच्या कोठीपोटातील द्रव ऑस्ट्रेलियातील शेळ्यांना दिल्यावर त्या मिमोसिनपासून बनणारे विष पचवू लागल्याचे 1984 मध्ये प्रसिद्ध झाले. हे काम करणाऱ्या एका जंतूला 1992 मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले. तरीही सुबाभूळ आहाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये.

वर्ज्य : टणटणी, बेशरम.

पूरक : तूर व सोयाबीनचे कुटार.

राखीव जंगलात शेळ्यांच्या चराईवर निर्बंध असल्याने बराचसा पाला बांधावरून व पडीक जमिनीतून येतो.