चढी बोली

सोयाबीनच्या ढिगाभोवती खरेदीदार जमले की पहिला आकडा कोणी उच्चारला याकडे शेतकऱ्याचे फारसे लक्ष नसते. त्याचे कान दुसऱ्या आकड्याकडे लागलेले असतात. दहा रुपये वर चढवणारा माणूस कधी खरोखर माल हवा म्हणून चढवतो, तर कधी शेजारच्याला तो स्वस्तात पडू नये म्हणून. पहिला बोलतो तो मालाकडे बघून. दुसऱ्याला माल पाहावा लागतो आणि पहिला बोललेला माणूसही.

धाराशिव जिल्ह्यात या व्यवहाराला दोन शब्द आहेत. ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या ‘लेइलांव’चे आपण लिलाव केले आणि तो किनाऱ्यावरून घाट चढून आला. दुसरा शब्द ‘हर्रास’. तो अरबी-फारसीतल्या ‘हर्राज’चा, उर्दूतून आपल्याकडे उतरलेला. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो आणि सरकारी दफ्तर उर्दूत चाले. शेतमालाच्या बाजारांसाठी संस्थानाने केलेल्या कायद्यावरसुद्धा १३३९ फसली असे साल आहे, म्हणजे इसवी सन १९३०. ज्या लातूरच्या बाजाराचे नाव आज सगळीकडे घेतात, ते लातूरही १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. लिलाव म्हणा की हर्रास, आत जे घडते त्याला मात्र एकच अस्सल मराठी शब्द आहे: बोली. आणि आधीच्या बोलीवर जी चढते ती चढी बोली.

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात ‘ओव्हरकॉल’ म्हणतात तो हाच. समोरच्या जोडीने बोली उघडली, त्यानंतर आपल्या जोडीने पहिल्यांदा लावलेली बोली म्हणजे ओव्हरकॉल. ब्रिज खेळणारा मराठी माणूस सहसा इंग्रजी शब्दच वापरतो. मला चढी बोली हा शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात बाजाराचा आवाज ऐकू येतो. आणि ब्रिजमध्ये हा बाजार शिरला तो बराच उशिरा.

माझ्यासारखे बहुतेक जण पत्ते शिकले ते मेंढीकोटावर. मेंढीकोटात बोली नाही. हुकूम ठरतो तो कट हुकूम किंवा बंद हुकूम. चार दश्श्यांपैकी जास्त कोणाकडे गेल्या एवढाच प्रश्न. ब्रिजचा पूर्वज व्हिस्ट असाच होता. एडमंड हॉइलने १७४२ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका काढली, तेव्हा वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटे करून हुकूम ठरवत. नशिबाने दिलेला हुकूम चौघांनी मुकाट घ्यायचा. १८८६ मध्ये लंडनमध्येच ‘बिरिच’ नावाच्या खेळाचे चार पानी चोपडे निघाले. त्यात हुकूम वाटणाऱ्याने किंवा त्याच्या भिडूने सांगायचा, अशी सुधारणा झाली. बिनहुकूम खेळायची मुभाही आली. मात्र समोरच्या जोडीला स्वतःचा रंग सांगायचा अधिकार नव्हता. फार तर डबल म्हणायचे. नाराजी दाखवता येई, पर्याय देता येत नसे.

तो अधिकार दिला ऑक्शन ब्रिजने, आणि त्याच्या जन्माची जी हकिकत सांगितली जाते ती हिंदुस्थानातली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कुठल्याशा दूरच्या ठाण्यावर तीन इंग्रज मुलकी अधिकारी होते. चौथा भिडू मिळेना. तेव्हा चौथा हात डमी म्हणून ठेवायचा आणि तो कोणाला मिळावा यासाठी तिघांनी बोली लावायची, असे त्यांनी ठरवले. हकिकतीचे बारकावे सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण तिचा गाभा मला पटतो. दिवसभर कचेरीत कसले ना कसले हर्रास करणाऱ्यांना संध्याकाळी पत्त्यांतही तेच सुचले, तर नवल काय!

लंडनच्या बाथ क्लबात १९०७ मध्ये हा खेळ रुळला आणि बाथ व पोर्टलंड या दोन क्लबांनी मिळून १९०८ मध्ये त्याचे नियम बांधले. त्यात वाटणाऱ्याला काहीतरी बोली लावावीच लागे. हातात काही नसेल तर तो ‘एक इस्पिक’ म्हणे. त्या वेळी इस्पिक सर्वांत स्वस्त रंग होता, म्हणून त्या बोलीचा अर्थ जवळजवळ ‘माझ्याकडे सांगण्यासारखे नाही’ असाच व्हायचा. म्हणजे डावाचे खरे बोलणे दुसऱ्या माणसापासून सुरू होई. आणखी एक गोष्ट होती. ऑक्शनमध्ये बोली एका हाताची असली, तरी केलेले सगळे हात डाव जिंकण्यासाठी मोजले जात. मग उगाच वर कोण चढेल? चढायचे ते कोणी ढकलले तरच. लिलाव पेटता ठेवण्याचे काम चढ्या बोलीकडेच होते.

१९२५ मध्ये ‘फिनलंड’ नावाच्या बोटीवर हे बदलले. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हा श्रीमंत अमेरिकन लॉस एंजलिसहून पनामा कालव्याच्या वाटेने हवानाला निघाला होता. त्याने मित्रांबरोबर गुणांची नवी पद्धत चालवून पाहिली. त्यात जेवढे हात बोलाल तेवढेच डावाला धरले जाणार होते. हा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. एक डाव जिंकलेल्या जोडीला दंड अधिक, हीही त्यातलीच कल्पना. अशा जोडीला ‘व्हल्नरेबल’ म्हणावे, असे बोटीवरच्या एका तरुणीने सुचवले, आणि तो शब्द टिकला.

आता बोलायची किंमत वाढली. हातात माल असलेल्याला वर चढणे भाग होते, आणि माल नसलेल्याला फुकट बोलून चालत नव्हते. एली कल्बर्टसनने दोन आणि तीनचा नियम सांगितला. व्हल्नरेबल असाल तर तुमची बोली तुमच्या स्वतःच्या हातांपेक्षा दोनने जास्त असली तरी चालेल, नसाल तर तीनने. कारण डबल होऊन तेवढे हात कमी पडले, तर दोन्ही बाबतींत दंड ५०० चाच होतो. त्यापलीकडे जायचे नाही. कल्बर्टसनने बांधलेली ही सीमा मला फार व्यवहारी वाटते, कारण ती हातातल्या चित्रांच्या मोजणीवर उभी नाही. बुडालो तर किती बुडू, इथून ती सुरू होते.

नवा खेळाडू चुकतो तो इथेच. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक ही मोजणी मिल्टन वर्कच्या नावाने ओळखली जाते. चार्ल्स गोरेनने ती घरोघर पोचवली आणि बोली उघडण्यासाठी ती उत्तम आहे. चढी बोली मात्र वेगळा हिशोब मागते. उजवीकडच्याने ‘एक चौकट’ म्हटले आहे आणि तुमच्याकडे इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, दश्शी, नव्वी आहेत. उरलेल्या आठ पानांत एकही चित्र नाही. एकूण गुण आठ. बोला, ‘एक इस्पिक’, निर्धास्तपणे. रंग भक्कम आहे. शेवटी डाव डावीकडच्याकडे गेला, तर उतारी तुमच्या भिडूची असते आणि त्याला कोणते पान टाकायचे ते कळलेले असते.

आता दुसरा हात. उजवीकडच्याने ‘एक इस्पिक’ म्हटले. तुमच्याकडे बदामाची राणी, अठ्ठी, छक्की, चव्वी, दुर्री. इस्पिकचे राजा, गुलाम, पंजी. चौकटचे राजा, गुलाम, तिर्री. किलवरची राणी आणि चव्वी. गुण बारा. बोलावेसे वाटते. पण बोलायचे तर ‘दोन बदाम’ म्हणावे लागेल, तेही राणीच्या जिवावर. डबल झाला तर पळायला जागा नाही. शिवाय तुमच्या गुणांपैकी चार समोरच्याच्याच रंगात आहेत. ते त्याचा डाव बुडवायला कामाला येतील, तुमचा करायला नाही. आणि डाव डावीकडच्याकडे गेला, तर भिडू बदामाची उतारी करील आणि तीच तुम्हाला नको असेल. आठ गुणांवर बोलायचे आणि बारा गुणांवर गप्प बसायचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटे वाटते.

चढी बोली जागाही खाते. ‘एक किलवर’वर ‘एक चौकट’ म्हटले तर समोरच्यांचे फारसे काही अडत नाही. ‘एक इस्पिक’ म्हटले की चौकट आणि बदाम त्यांना एकच्या पायरीवर सांगता येत नाहीत. या अडवणुकीतून उडी मारून लावलेल्या बोलीचा अर्थच पालटला. कल्बर्टसनच्या काळात अशी उडी म्हणजे तगडा हात होता. आज बहुतेक जोड्यांत ती सहा पानांचा रंग आणि दुबळा हात दाखवते. समोरचे व्हल्नरेबल असून त्यांचा ‘चार इस्पिक’ होणार असेल तर त्यांना ६२० मिळतात. तुम्ही नसाल आणि ‘पाच किलवर’ म्हणून डबलमध्ये तीन हातांनी पडलात तर ५०० जातात. हरूनही १२० वाचले.

डबलचे रूपांतर याहून विलक्षण आहे. त्याचा सरळ अर्थ ‘तुमचा डाव बुडणार’ असा होता. १९१२ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत ब्रायंट मॅककॅम्पबेल आणि मेजर चार्ल्स पॅटन यांनी तोच शब्द भिडूकडे वळवला: त्यांचा रंग माझ्याकडे नाही, उरलेल्या तिन्हींत साथ आहे, तू निवड. शब्द शत्रूला उद्देशून उच्चारलेला, निरोप मित्राला.

इथे मला आपल्या बाजारातला हत्ता आठवतो. रुमालाखाली हात घालायचा, बोटे दाबायची आणि भाव ठरवायचा. शेतकरी शेजारी उभा, पण त्याला आकडा कळत नाही. उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो याच कारणाने. ब्रिजचा दंडकही तोच आहे. भिडूला हवे ते सांगा, पण तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ समोरच्यांना ठाऊक असला पाहिजे. १९६५ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या जागतिक स्पर्धेत टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या ब्रिटिश जोडीवर आरोप झाला, की पत्ते धरलेल्या बोटांनी ते बदामाची संख्या कळवतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले, तर ब्रिटनमधल्या चौकशीने निर्दोष सोडले. पुढे मोठ्या स्पर्धांत भिडूंच्या मध्ये पडदे आले.

आता तर बोलीत बोलणेच राहिलेले नाही. टेबलाच्या कडेला छापील पट्ट्यांची पेटी असते आणि हवी ती पट्टी काढून पुढे मांडायची असते. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले ते अशाच शांततेत. लाल पट्टी डबलची, हिरवी पासची. उजवीकडून ‘एक इस्पिक’ आला आहे आणि माझ्या हातात तोच राणीचा बदाम आहे. बोटे पेटीकडे जातात, ‘दोन बदाम’च्या पट्टीवर क्षणभर रेंगाळतात आणि हिरवी उचलतात.