बारामतीत बनलेली इटालियन बाईक भोकरमध्ये बंद पडली, तर घरच्या घरी काय बघायचं?

सकाळी गाडी काढली, चावी फिरवली, मीटरवर रंगीत अक्षरं झळकली, सेल्फ मारला आणि नुसतं 'टक' झालं. परत मारला, परत 'टक'. तोवर शेजारचे काका दात घासत बाहेर येतात आणि विचारतात, "काय रे बाबू, चार लाखाची गाडी ना ही? किक मार की!"

आता काकांना कसं सांगायचं की या गाडीला किकच नाही.

विषय आहे एप्रिलिया आरएस ४५७ चा. नाव इटालियन आहे, कंपनीचं मूळ गाव व्हेनिसजवळचं नोआले आहे, पण ही गाडी बनते आपल्या बारामतीत. एप्रिलियाची सुरुवात १९४५ मध्ये सायकली बनवण्यापासून झाली. २००४ मध्ये ती पियाजिओ ग्रुपकडे गेली. पियाजिओ म्हणजे व्हेस्पा आणि आपे रिक्षावाली कंपनी, आणि तिचा भारतातला कारखाना बारामतीत. डिसेंबर २०२३ मध्ये आरएस ४५७ बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत होती ४ लाख १० हजार रुपये. त्याच इंजिनावरची टुओनो ४५७ नंतर २०२५ मध्ये आली. त्याआधी इटालियन स्पोर्ट बाईक म्हटलं की मुंबई-पुण्यातली डुकाटी डोळ्यासमोर यायची. आता ती तालुक्याच्या गावातल्या पोरांच्याही विशलिस्टमध्ये आली.

अडचण पुढची आहे. भोकरहून नांदेड पन्नास-साठ किलोमीटर, बारामती साधारण चारशे. चौकातला मिस्तरी स्प्लेंडर डोळे मिटून खोलेल, पण फेअरिंगवाली, दोन सिलेंडरची, रेडिएटरवाली गाडी बघून तो प्रामाणिकपणे हात जोडतो. मग काही पोरं यूट्यूब बघून स्वतःच सगळं खोलायला घेतात, आणि काही जण साधी बॅटरी उतरली तरी गाडी टेम्पोत घालून शहराकडे निघतात. दोन्हीकडे पैसे जातात. पहिल्या प्रकारात कधीकधी बोटही जातं, त्याबद्दल पुढे सांगतो.

तसं बघायला गेलं तर इटालियन गाडी घरी दुरुस्त करणं महाराष्ट्राला नवीन नाही. १९६०च्या दशकात बजाजने पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवली. तो करार संपल्यावर तिच्याच धाटणीची चेतक १९७२ मध्ये आली. स्कूटर आडवी करून सुरू करणं आणि डिकीत जादा प्लग ठेवणं हे ज्ञान आपल्या वडिलांच्या पिढीकडे होतंच. फरक एवढाच की चेतकला काय झालंय ते कानाला कळायचं. आरएस ४५७ मध्ये थ्रॉटलला केबल नाही, सगळं वायर आणि सेन्सरवर चालतं. त्यामुळे आधी बघायचं, ऐकायचं, मोजायचं आणि मगच पान्याला हात लावायचा.

गाडी चालूच होत नाही

सगळ्यात आधी लाल किल स्विच बघा. हसू नका, चालता चालता कुणाचाही अंगठा लागतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, साइड स्टँड पूर्ण वर गेलाय का ते बघा. साइड स्टँडला एक स्विच असतो. स्टँड खाली आहे असं त्याला वाटलं तर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. आपल्या काळ्या मातीतून पावसाळ्यात दोन किलोमीटर गाडी नेली की तिथे चिखल घट्ट बसतो, आणि वाळला की सिमेंटसारखा होतो. पाणी आणि जुन्या टूथब्रशने तो काढला की बऱ्याचदा "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम" तिथेच संपतो.

एवढं ठीक असेल तर चावी फिरवून गप्प उभे राहा. इंधनाचा पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. तो आवाजच नसेल तर फ्यूज किंवा पंपाकडे संशय जातो. फ्यूज घरी बदलता येतो, पण जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका. तो लगेच परत उडाला तर कुठेतरी वायर टेकतेय. मग मोठा फ्यूज किंवा तार लावून काम भागवू नका, आख्खी वायरिंग जळू शकते.

पंपाचा आवाज येतोय, पण सेल्फला नुसतं टक किंवा टकटकटक होतंय, तर बहुतेक वेळा बॅटरी. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर इथे मोलाचा आहे. गाडी रात्रभर उभी असताना साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर ती उतरलीय. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलीय. गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास यायला हवेत. तेवढे येत नसतील तर नवीन बॅटरी टाकूनही उपयोग नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे आणि ते काम वर्कशॉपचं.

बॅटरी काढताना आधी काळी वायर म्हणजे मायनस, मग लाल. लावताना उलटं, आधी लाल, शेवटी काळी. क्रम चुकला आणि पाना प्लसवरून चेसिसला टेकला तर ठिणगी उडते, इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान होऊ शकतं. टर्मिनल नुसतं सैल असेल तरी हीच 'टक' येते, म्हणून आधी ते हलवून बघा. आणि बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर मित्रांना धक्का मारायला लावून उपयोग नाही. पंप आणि कंप्युटर दोघांनाही करंट लागतो. कारवरून जंप द्यायची वेळ आलीच तर कारचं इंजिन बंद ठेवून द्या.

शिक्षणासाठी पुण्याला गेलात आणि गाडी गावी महिनाभर उभी राहिली, तर चांगली बॅटरीही उतरते. मीटर आणि कंप्युटर झोपेतही थोडा करंट खातात. ऑटो कट-ऑफ असलेला मेंटेनन्स चार्जर हा यावरचा साधा इलाज. दुसरा शत्रू उंदीर. धान्याच्या खोलीत किंवा ओसरीत गाडी लावणाऱ्यांनी महिन्यातून एकदा सीट काढून बॅटरीने आत बघा. कुरतडलेली वायर दिसली तर चावीसुद्धा फिरवू नका.

चेन: जिथे बोटं जातात

घरी करण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ते करू नका. फडकं चेन आणि स्पॉकेटच्या मध्ये गेलं की हातही त्यामागे जातो, आणि क्लच दाबायला दुसरा हात मोकळा नसतो. चावी खिशात, गाडी न्यूट्रल, चाक हाताने फिरवा. या गाडीला डबल स्टँड नाही, त्यामुळे मागचं चाक उचलायला पॅडॉक स्टँड लागतो. विटांवर गाडी चढवू नका, पावणेदोनशे किलोची गाडी आहे. स्टँड नसेल तर गाडी थोडी पुढे ढकला, दिसेल तेवढी चेन पुसा, परत ढकला. वेळ लागतो, पण काम होतं.

धुवायला चेन क्लीनर किंवा थोडं रॉकेल आणि मऊ ब्रश. रेशनचं रॉकेल आता मिळेनासं झालंय, म्हणून काही जण पेट्रोल वापरतात. पेट्रोलने चेनच्या कड्यांमधल्या रबरी रिंग खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. वरून कितीही तेल मारा, ते आत जात नाही. पुसून कोरडी करा, खालच्या बाजूच्या चेनला आतून ल्यूब मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मारून लगेच निघालात तर सगळं ल्यूब टायरवर आणि पाठीवर. पाचशे-सातशे किलोमीटरला एकदा एवढं पुरे, पावसात भिजली तर लगेच.

ताणाबद्दल आपल्याकडे उलटा समज आहे: चेन टाइट म्हणजे गाडी फिट. मागे दोस्त बसला, खड्डा आला, सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते. आधीच टाइट असेल तर तो ओढा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, तो खर्च मोठा. थोडी सैल परवडली. किती मिलिमीटर ढिलाई हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं. एकाच जागी मोजू नका, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, आणि जिथे सगळ्यात टाइट लागेल तो आकडा धरा. ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. मागच्या ॲक्सलचा नट मात्र अंदाजाने आवळायचा नाही. टॉर्क पाना नसेल तर हे काम मिस्तरीकडे, त्याच्याकडेही तो आहे का विचारून.

ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी

एप्रिल-मेमध्ये नांदेड जिल्ह्यात पारा ४२-४३ वर जातो. गर्दीत पायाला गरम झळ लागणं आणि पंखा मोठ्याने फिरणं हा बिघाड नाही. तापमानाची वॉर्निंग आली तर मात्र सावलीत थांबा, इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं कूलंट असतं, ते थेट तोंडावर येतं. तासाभराने, गाडी सरळ उभी करून, जादा टाकीत कूलंटची पातळी दोन रेषांच्या मध्ये आहे का ते बघा. कमी असेल तर पुस्तकात सांगितलेलं तयार कूलंट टाका. बोअरचं जड पाणी टाकलं तर बादलीला बसतो तोच पांढरा थर आत बसतो. आणि सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, गल्लीतलं कुत्रं चाटलं तर मरू शकतं.

पातळी ठीक असूनही गाडी तापते? रेडिएटरच्या जाळीत बघा. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांतला भुसा, किडे आणि चिखल तिथे बसतो. मऊ ब्रश आणि हळू पाणी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर जाळीची पानं वाकतात. चाकांच्या बेअरिंगवर आणि सीटखाली तर तो मारूच देऊ नका. धुळीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनी एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीपेक्षा लवकर तपासून घ्यावा.

इंजिन ऑइलबद्दल एकच गोष्ट. "कारचं भारीतलं ऑइल टाक, मक्खन चालेल" हा सल्ला ऐकू नका. या बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमधल्या रसायनांनी तो घसरायला लागतो. पुस्तकातला ग्रेड आणि डब्यावर जासो एमए२ ही खूण, एवढं बघा. चालताना ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जायचं नाही, तिथेच बंद. पिवळा इंजिनचा दिवा लागला आणि गाडी नीट चालतेय, तर सावकाश घरी येऊ शकता, पण कोड वाचून घ्या.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना. दुपारी पंपावर प्रेशर जास्त दिसलं म्हणून हवा काढली तर दुसऱ्या दिवशी ती कमी भरते.

इथे थांबा

ब्रेक पॅड किती उरलेत ते टॉर्च मारून बघा, ऑइलची पातळी बघा, पण ब्रेकची लाइन, एबीएस, पेट्रोलचा पाइप, फोर्क आणि व्हॉल्व्ह घरी उघडायचे नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्या. जुनी डुकाटी घेतली असेल तर आणखी सावध. तिच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नसते, ते कामही रॉकरच करतो. त्याला डेस्मो म्हणतात, आणि त्याची सेटिंग माहीतगार हातांचंच काम आहे. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही खोलण्याआधी सर्व्हिस सेंटरला मेसेज करून विचारा, उत्तर जपून ठेवा.

फोन करण्याआधी मीटरवरच्या दिव्यांचा फोटो, आवाजाचा व्हिडिओ आणि बॅटरीचा आकडा पाठवा. कधीकधी पार्ट आधी मागवला जातो आणि एक फेरी वाचते.

आणि न्यावीच लागली तर छोटा हत्ती बोलवा. चढवताना फळीच्या दोन्ही बाजूंना माणूस हवा. पुढचं चाक केबिनला टेकवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँड वर. पट्टे फेअरिंगवरून किंवा हँडलच्या टोकाला नाही, तर फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला दोन्हीकडून बांधा, मध्ये जुना टॉवेल घाला आणि फोर्क अर्धाच दाबा. भोकर सोडल्यावर दहा किलोमीटरवर एकदा उतरून पट्टे तपासा. पहिल्या खड्ड्यातच ते सैल होतात.