बालमंदिराचा उंबरठा: पश्चिम भारतातील बालशिक्षण चळवळ आणि प्राथमिक शाळेतील मुलांच्या भावनांचा प्रश्न

प्रस्तावना

आधुनिक भारतातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना धोरणे, कायदे, संस्था आणि साक्षरतेचे प्रमाण यांचा विपुल विचार झालेला आहे. वर्गात बसलेल्या मुलाला काय वाटत होते आणि ते वाटणे व्यक्त करण्यास त्याला कितपत वाव होता, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. अलीकडे 'सामाजिक-भावनिक अध्ययन' या नावाने हा विषय चर्चेत आला आहे. पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली आणि १९९५ मधील डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथाने ती सर्वदूर पोहोचविली. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०१८ मध्ये 'हॅपिनेस करिक्युलम' सुरू झाला, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सामाजिक व भावनिक विकासाचा स्पष्ट उल्लेख केला. परिणामी हा विचार पूर्णतः नवा व पाश्चात्त्य असल्याचा समज रूढ होऊ लागला आहे.

वस्तुतः पश्चिम भारतात हा प्रश्न १९२० पासूनच गांभीर्याने हाताळला गेला होता. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याच्या आधारे प्रस्तुत निबंधात या परंपरेचा आढावा घेतला आहे. या चळवळीने बालकाच्या भावनांना बालमंदिरात स्थान मिळवून दिले. परंतु ते स्थान प्राथमिक शाळेच्या उंबरठ्याशी थांबले. ते का थांबले, याचा शोध घेणे हे या निबंधाचे मुख्य उद्दिष्ट आहे.

पार्श्वभूमी: शिस्त आणि निकाल

एकोणिसाव्या शतकातील प्राथमिक शिक्षणात शिक्षेला मान्यता होती. पंतोजींच्या शाळेतील छडी, अंगठे धरून ओणवे उभे करणे, कान पिळणे या गोष्टी पालकांनाही वावग्या वाटत नसत. वसाहतकालीन शिक्षण खात्याने शाळांना क्रमिक पुस्तके, वेळापत्रक आणि तपासणी दिली. भय मात्र नाहीसे केले नाही. उलट, इन्स्पेक्टरच्या भेटीचे आणि परीक्षेच्या निकालाचे नवे भय त्यात मिळाले. हे भय केवळ मुलांचे नव्हते. निकालासाठी शिक्षकालाही जाब द्यावा लागे आणि वरून आलेला हा दाब तो वर्गातील मुलांकडे सरकवीत असे. म्हणजेच वर्गातील भीती हा एखाद्या शिक्षकाच्या स्वभावाचा दोष नसून व्यवस्थेच्या रचनेतून निर्माण होणारी गोष्ट होती. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

भावनगरचा प्रयोग

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे कामगार वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. मूल हट्टी, चिडके किंवा घुमे होते ते पुष्कळदा त्याच्या सहज कृतीला अडथळा आल्यामुळे. त्याला मनाजोगे काम व योग्य वातावरण मिळाले की ते आपोआप स्थिर होते, हे त्यांच्या विचाराचे सार होय. त्यांचा 'शांततेचा खेळ' याचे उत्तम उदाहरण आहे. सर्व मुले निश्चल बसतात, शिक्षिका दुरून अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव उच्चारते आणि ते मूल आवाज न करता तिच्याकडे जाते. येथील शांतता धाकातून आलेली नसते. स्वतःच्या शरीरावर व अधीरतेवर ताबा मिळविण्याचा आनंद मूल त्यातून घेते.

व्यवसायाने वकील असलेले गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या विचारातून मॉन्टेसरींच्या लेखनाकडे वळले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे मार नव्हता, तसेच बक्षीसही नव्हते. शिक्षेने मूल भित्रे होते आणि बक्षिसाने लोभी व मत्सरी होते, अशी त्यामागील भूमिका होती. अमरावतीहून राजकोटमार्गे भावनगरला आलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि 'शिक्षणपत्रिका' या नियतकालिकातून हा विचार प्रथम गुजराती व नंतर मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

या चळवळीचा रोख प्रामुख्याने प्रौढांकडे होता, हे तिचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मुलाने राग आवरावा, अशी अपेक्षा करण्यापूर्वी पालक व शिक्षक यांनी आपला राग आवरला पाहिजे, हा आग्रह तीत दिसून येतो. भावनांचे शिक्षण मुलाला उपदेश करून देता येत नाही; भोवतालच्या मोठ्या माणसांच्या वागण्यातून ते मुलाला मिळत असते, ही जाण त्यामागे होती.

'दिवास्वप्न' आणि चौथीचा वर्ग

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' (१९३२) हे पुस्तक या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यातील प्रयोग बालमंदिरात घडत नाही, तर सामान्य प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गात घडतो. कथेतील शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि तो साफ फसतो. मुले गोंगाट करतात, चेष्टा करतात. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्ट सांगू लागतो आणि गोष्टीच्या ओढीने वर्ग हळूहळू त्याच्या जवळ येतो. पुढे खेळ, वाचन, नाट्यप्रवेश यांची भर पडते.

या अपयशाचा अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. तीन-चार वर्षे धाकात वाढलेल्या मुलांना मोकळीक मिळताच ती प्रथम दंगाच करणार. त्यांच्यावर संयमाचे तंत्र एकाएकी लादून भागत नाही. त्यापूर्वी शिक्षक व मुले यांच्यात विश्वासाचे नाते निर्माण व्हावे लागते. गोष्ट हे त्याचे प्रभावी साधन ठरते. स्वतःच्या भीतीविषयी किंवा मत्सराविषयी थेट बोलणे मुलाला अवघड असते. पण गोष्टीतील पात्राच्या निमित्ताने ते त्याविषयी मोकळेपणी बोलू शकते. भावना ओळखणे, व्यक्त करणे आणि आवरणे असा जो क्रम आज सांगितला जातो, त्याची बीजे येथे आढळतात. त्याचबरोबर मुख्याध्यापक, सहशिक्षक आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सक्ती यांच्याशी या शिक्षकाला सतत झगडावे लागते. प्राथमिक शाळेत असा प्रयोग टिकविणे हे पुस्तकाच्या नावाप्रमाणेच स्वप्न राहते, याची लेखकाला कल्पना होती असे दिसते.

मुंबईहून बोर्डीकडे

ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. तेथील मुले मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गातील होती. महागडी साधने आणि प्रशिक्षित शिक्षिका यांमुळे हे शिक्षण मूठभरांपुरते राहील, ही शंका तेव्हाही घेतली जात होती. महात्मा गांधींनी १९३१ मध्ये लंडन येथे मॉन्टेसरींच्या उपस्थितीत केलेल्या भाषणात हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. १९४५ मध्ये ताराबाई तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले.

या परिसरातील वारली मुलांच्या बाबतीत भयाचा अर्थच वेगळा होता. जमीनदार, सावकार आणि जंगल खात्याचे कर्मचारी यांची दहशत प्रौढांच्या मनात खोलवर रुजलेली होती. वेठबिगारी व लग्नगडी या पद्धतींविरुद्ध १९४५ मध्येच गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते. शर्ट-धोतर किंवा पातळ नेसलेले बाहेरचे माणूस पाहताच घाबरणाऱ्या मुलाची भीती वैयक्तिक नव्हती. तिला सामाजिक इतिहास होता.

मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्याकडे जावे, या विचारातून पाड्यावरच्या अंगणातच भरणारी 'अंगणवाडी' आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. परदेशी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे यांचा उपयोग करण्यात आला. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, खाऊ देणे यांपासून दिवसाची सुरुवात होई. उपाशी किंवा खरजेने हैराण झालेल्या मुलाकडून शांतचित्ताची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, हे त्यामागील व्यावहारिक शहाणपण होते. भावनगरात भावनेचा विचार प्रौढांच्या वर्तनाशी जोडला गेला होता. बोर्डी-कोसबाडमध्ये तो अन्न, आरोग्य आणि श्रम यांच्याशीही जोडला गेला.

या कार्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. स्वच्छता, टापटीप आणि मंद आवाजात बोलणे या गुणांची कल्पना बऱ्याच अंशी मध्यमवर्गीय होती. तसेच वारली बोली बोलणाऱ्या मुलाने आपले सुखदुःख कोणत्या भाषेत सांगावे, हा प्रश्न प्रमाण मराठीत चालणाऱ्या शिक्षणात कायमच राहतो. ज्या भाषेत मूल रडते, त्या भाषेला वर्गात स्थान नसेल तर भावना व्यक्त करण्याचे शिक्षण अपुरेच ठरते.

उंबरठ्यापलीकडची प्राथमिक शाळा

बालवाडीत जे मान्य झाले ते पहिलीच्या वर्गात का पोहोचले नाही? याची कारणे मुख्यतः रचनात्मक आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात प्राथमिक शिक्षणाचा संख्यात्मक विस्तार झाला. मात्र मोठे वर्ग, एकशिक्षकी शाळा, तपासणी आणि वार्षिक परीक्षा ही जुनी चौकट टिकून राहिली. पूर्वप्राथमिक शिक्षण दीर्घकाळ शासनाच्या मुख्य जबाबदारीबाहेर होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ते बहुतांशी खाजगी प्रयत्नांवर सोपविले. त्याच आयोगाने पहिलीतील गळती व स्थगितीकडे लक्ष वेधून पहिली-दुसरी हा एकच सलग घटक मानावा, असे सुचविले होते. बालवाडीतून आलेले मूल पहिलीत अडखळते, याचीच ही एक प्रकारे कबुली होती. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. परंतु योजनेत पोषण व आरोग्य यांना प्राधान्य मिळाले आणि शाळेशी असलेला दुवा कच्चाच राहिला. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी कोसबाडची 'विकासवाडी' हा हा दुवा जोडण्याचा प्रयत्न होता; पण तो सार्वत्रिक झाला नाही.

कायद्याच्या पातळीवर हा प्रश्न पुष्कळ उशिरा आला. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने (२००९) कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. कलम २९ मध्ये मुलाला भीती, आघात व चिंता यांपासून मुक्त करणे आणि आपली मते मोकळेपणाने मांडण्यास त्याला साहाय्य करणे, हे अभ्यासक्रम व मूल्यमापनाचे तत्त्व म्हणून नमूद केले आहे. बालमंदिराचे तत्त्व अशा रीतीने प्राथमिक शाळेचा कायदा झाले. तथापि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलांना अनुत्तीर्ण करण्याची मुभा राज्यांना पुन्हा मिळाली. भयमुक्ती आणि निकाल यांतील जुना ताण अद्याप मिटलेला नाही, हेच यावरून स्पष्ट होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मुलांच्या भावनांचे शिक्षण हा स्वतंत्र विषय म्हणून या परंपरेत कधीच शिकविला गेला नाही. प्रौढांचा संयम, मुलाच्या आवडीचे काम, गोष्ट व खेळ यांतून मिळणारी अभिव्यक्ती आणि किमान शारीरिक स्वास्थ्य, या चार गोष्टी एकत्र आल्या तेथे मूल भयमुक्त झाले. यांपैकी प्रौढांचा संयम ही बाब शिक्षकाच्या परिस्थितीवर अवलंबून असते. अहवाल, सर्वेक्षणे व निकाल यांच्या दडपणाखाली असलेल्या शिक्षकाने मुलांना मनःशांतीचे पाठ द्यावेत, ही अपेक्षा 'दिवास्वप्ना'तील पहिल्या दिवसाची आठवण करून देते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत स्तर मानला आहे. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांमधील उंबरठा त्यामुळे निदान कागदावर तरी पुसला गेला आहे. ही संधी मोठी आहे. तथापि भावनिक विकास म्हणजे वेळापत्रकातील आणखी एक तासिका आणि प्रगतिपुस्तकातील आणखी एक श्रेणी, असे तिचे रूप झाले, तर मुलाला आपल्या भावनांचेही मूल्यमापन होत असल्याची नवी धास्ती लागेल. ज्या भीतीच्या निवारणासाठी ही चळवळ शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली, ती भीती तिच्याच नावाने वर्गात परत येऊ नये, एवढी दक्षता अध्यापक विद्यालये व शिक्षणशास्त्र महाविद्यालये यांनी घेणे अगत्याचे आहे.