पत्ते कोण वाटतो?

कॅसिनोतल्या पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसणारा माणूस हरण्याला भितो, त्याहून जास्त नियमांना भितो. पत्ते टेबलाच्या कडेबाहेर न्यायचे नाहीत, चिप्स दोन खेपांत पुढे सरकवायच्या नाहीत, तोंडातून ‘रेझ’, म्हणजे बोली वाढवतो, असं निघालं की माघार नाही, डाव चालू असताना खिशातली नोट बाहेर काढायची नाही. दिवाळीत घरी तीन पत्ती खेळलेल्याला हा जाच वाटणार, यात नवल नाही. घरी पत्ते पिसणारा, वाटणारा आणि जिंकणारा एकच असला तरी तो मामा असतो किंवा चुलतभाऊ असतो. नातंच जामीन राहतं. पोकर वाढला तो मात्र अनोळखी लोकांमध्ये. त्याचा अमेरिकेतला इतिहास पाहिला, तर नवख्याला आडकाठी वाटणारे हे नियम त्याच्याच रक्षणासाठी घडत गेले, असं माझं मत आहे. त्यांतल्या बहुतेकांमागे एखादी जुनी लबाडी उभी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोकर न्यू ऑर्लिन्सकडून मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून वरच्या गावांत पसरला. बोटीवर कापसाचे व्यापारी, मळेवाले, रोकड घेऊन निघालेले प्रवासी असत. संगत काही दिवसांची, आणि धक्क्यावर उतरल्यावर पुन्हा गाठ पडण्याची शक्यता कमी. ठकांना याहून सोयीची जागा मिळाली नसती. जुगार सोडून त्याविरुद्ध प्रचाराला लागलेल्या जोनाथन ग्रीनने १८४३ च्या पुस्तकात या खेळाची ओळख फसवणुकीचा खेळ अशीच करून दिली. जॉर्ज डेव्हॉल तर १८८७ साली छापलेल्या आठवणींत आपण प्रवाशांना कसं लुबाडलं ते फुशारकीने सांगतो. लोकांचा संतापही कमी नव्हता. जुलै १८३५ मध्ये व्हिक्सबर्ग गावात जमावाने पाच जुगाऱ्यांना खटल्याशिवाय फासावर चढवलं. पण त्या भीषण प्रकाराने मूळ मांडणी बदलली नाही. पत्त्यांचा कॅट अजून त्याच माणसाच्या हातात होता, ज्याचा पैसा डावावर लागलेला होता.

बदल घडवला तो पगारी डीलरने. तो खेळत नाही, डावात त्याचा पैसा नसतो. वाटपाची पाळी एका गोल चकतीच्या रूपाने टेबलाभोवती फिरते, कॅट मात्र त्याच्याच हातात राहतो. कॅटच्या तळाशी तो प्लास्टिकचं कोरं पान धरतो, कारण तळचा पत्ता ओझरता दाखवणं ही ठकांची जुनी युक्ती. टेबलावर नवे पत्ते उघडण्याआधी वरचं एक पान बाजूला टाकतो, म्हणजे पाठीवरच्या खुणेवरून ते कुणी ओळखलं असलं तरी उपयोग होत नाही. चिप्स एका खेपेतच पुढे करायच्या, कारण थोड्या सरकवून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग भर घालायची, हा सराईतांचा डाव. खिशातल्या पैशाला मनाई नसती तर श्रीमंत खेळाडूने पैशाच्या जोरावर गरिबाला चांगली पानं टाकायला लावली असती. अमेरिकेतल्या अनेक कॅसिनोंत डाव चालू असताना इंग्रजीच बोलावं लागतं; दोन मित्र मराठीत बोलू लागले तर डीलर त्यांना थांबवतो. त्यात अपमान मानण्याचं कारण नाही, कारण संगनमत ही पोकरमधली सर्वांत चिवट फसवणूक आहे. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो जहाजांत पोकर आला तो ही सगळी व्यवस्था घेऊनच.

यावर कोणी म्हणेल, सचोटी कायद्याने आली, डीलरचं श्रेय कसलं? नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला १९३१ साली. तरी पुढची काही दशकं लास वेगासच्या पोकर टेबलांची ख्याती वाईटच होती. तिथे फसवणूकही चाले आणि डावातून घराचा, म्हणजे कॅसिनोचा, हिस्साही बेसुमार कापला जाई. म्हणजे नुसता परवाना पुरेसा नव्हता, आणि घराचा हात मोकळा असेल तर नुसता डीलरही पुरेसा नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कॅलिफोर्नियातल्या गार्डेना गावात १९३६ पासून पोकरचे क्लब चालत. तिथे घर वेळेच्या हिशेबाने जागेचं भाडं घेई आणि पत्ते खेळाडूच आळीपाळीने वाटत. तरी ते क्लब दशकानुदशकं भरलेले असत. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड हायानो यांनी तिथल्या नेहमीच्या खेळाडूंवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि उत्तर त्या ‘नेहमीच्या’ शब्दातच आहे. रोज तेच चेहरे समोर असले की ओळख पहारा करते. बाहेरून आलेल्या एकट्याला ती ओळख कुठून मिळणार?

उरतो सर्वांत टोकदार प्रश्न: घराला नवख्याची एवढी काळजी का? पैशासाठी, आणि ते मान्य करायला हरकत नाही. पोकरमध्ये घर कोणाविरुद्ध खेळत नाही, डावातून हिस्सा कापतं. कोण जिंकतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही, टेबल भरलेलं असण्याशी आहे. बोटीवरचा ठक एकाच प्रवाशाला एकदाच नागवून मोकळा होई, घराला तोच प्रवासी पुन्हा यायला हवा असतो. या हितसंबंधामुळेच २००३ साली क्रिस मनीमेकर हा टेनेसीतला हिशेबनीस इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून थेट लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत बसू शकला. प्रत्यक्ष टेबलावरची त्याची ती पहिलीच स्पर्धा होती, आणि ८३९ जणांत त्याने २५ लाख डॉलर जिंकले. तीनच वर्षांत त्या स्पर्धेत ८,७७३ लोक उतरले. मात्र हे नियम ठकापासून वाचवतात, चांगल्या खेळाडूपासून वाचवत नाहीत, आणि घरापासून तर अर्धवटच. नेवाडात डावातल्या रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त हिस्सा घर कापू शकत नाही, पण तासाला ३० डाव आणि दर डावामागे ४ डॉलर धरले तरी टेबलावरून १२० डॉलर उठतात. टेबलावरचे नऊही जण सारख्याच कसबाचे असतील, तर ते नऊही जण हळूहळू हरत असतात.